थेट दिसणे आणि खरे दिसणे

मोठा एसएलआर विकून छोटा मिररलेस कॅमेरा घेणाऱ्याला जुन्या मंडळींचा एक टोमणा हमखास ऐकावा लागतो : तू आता समोरचे जग पाहत नाहीस, टीव्ही पाहतोस. या बदलाविषयीचे बाकीचे वाद तराजूवर आणि मोजपट्टीवर मिटतात. निकॉनचा २०१७चा एसएलआर डी८५० आणि २०१८चा मिररलेस झेड७ शेजारी ठेवले तर दोघांचा सेन्सर ४५.७ मेगापिक्सेलचाच आहे. पण बॅटरी आणि कार्ड धरून पहिल्याचे वजन १००५ ग्रॅम भरते, दुसऱ्याचे ६७५. असे का, तेही उघड आहे. एसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा वर-खाली होण्याइतकी जागा सोडावीच लागते. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे हे अंतर निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर आहे, झेड माउंटमध्ये १६. टोमणा मात्र मोजपट्टीला जुमानत नाही, कारण त्याचा विषय ज्ञान हा आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आरसा-काचेमार्गे डोळ्यात पडला की ते पाहणे प्रत्यक्ष. तोच प्रकाश सेन्सरवर पडून, विजेच्या रूपाने छोट्या पडद्यावर उमटला की ते पाहणे परोक्ष. आणि प्रत्यक्ष तेवढे खरे, परोक्ष ते उसने, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या मते थेटपणा हा खरेपणाचा निकष होऊच शकत नाही. पाहणारा आणि वस्तू यांच्यामध्ये काय काय आले, याची मोजदाद करून पाहण्याचा खरेपणा ठरत नाही. जे दिसते ते वस्तूच्या तंत्राने चालते का, आणि चुकले तर ती चूक वेळेत उघडी पडते का, या दोन गोष्टींवर तो ठरतो.

आधी एसएलआरच्या थेटपणाचीच झडती घेऊ. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून वर जातो, तिथे एका दुधी काचेवर प्रतिमा उमटते, ती पंचकोनी प्रिझममधून फिरून डोळ्यापर्यंत येते. म्हणजे डोळा पाहतो ती काचेवरची प्रतिमा. प्रिझम नसलेल्या, वरून वाकून पाहायच्या कॅमेऱ्यांत तर डावे-उजवे उलटे दिसे. १९४९च्या कॉन्टॅक्स एस सारख्या कॅमेऱ्यांत प्रिझम आले तेव्हा ते सुलटे झाले. जे ‘सरळ’ दिसते ते अशा रीतीने मुद्दाम सरळ केलेले असते. पुढे आणखी गुंता आहे. फ्रेम लावताना लेन्सचे अॅपर्चर पूर्ण उघडे असते आणि क्लिकच्या क्षणीच ते ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटते, त्यामुळे मागची झाडे किती धूसर येणार हे डोळ्याला एरवी कळत नाही. ऑटोफोकसच्या जमान्यातल्या दुधी काचा उजळ दिसाव्यात अशा घडवलेल्या असतात, एफ १.४ची लेन्स लावली तरी त्यांत दिसणारी धूसरता साधारण एफ २.८च्या आसपासची असते. फोकसचा हिशेब तर तिसऱ्याच वाटेने होतो : मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो, त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरकडे वळवला जातो. डोळ्याची वाट एक, फोकसची दुसरी, फोटोची तिसरी. या तिन्ही वाटा केसभरही चुकल्या तर डोळ्याला पापणी रेखीव दिसते, फोकसचा दिवा होकार देतो आणि फोटोत कान रेखीव येतो. म्हणूनच चांगल्या एसएलआरच्या मेन्यूत प्रत्येक लेन्ससाठी फोकस पुढे-मागे सरकवून जुळवायची सोय द्यावी लागली. आणि शेवटी क्लिक. आरसा वर उचलला जातो, व्ह्यूफाइंडर काळा होतो, मग शटर उघडते. फोटोत जो क्षण येतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याने व्ह्यूफाइंडरमध्ये पाहिलेला नसतो. थेट पाहण्याचा अभिमान बाळगणाऱ्या यंत्राचे हे वैगुण्य भक्तांच्या बोलण्यात क्वचितच येते.

मध्ये काच आली तर पाहणे प्रत्यक्ष राहते का, हा प्रश्न कॅमेऱ्याहून फार जुना आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तो सरळ आला आहे. डोळा वस्तूपर्यंत पोहोचतो तेव्हा ज्ञान होते, असे नैयायिकांचे मत. त्यावर प्रतिपक्ष विचारतो की मग काच, अभ्रक, स्फटिक यांच्या पलीकडची वस्तू कशी दिसते? उत्तर असे की स्वच्छ पदार्थ अडथळा करत नाहीत, त्यामुळे संबंध तुटत नाही. यातली डोळ्यातून किरण निघण्याची कल्पना आज टिकत नाही, पण युक्तिवादाचा गाभा टिकतो. वस्तुवादाचा कट्टर कैवार घेणाऱ्यांनीसुद्धा ‘मध्ये काहीच नको’ अशी अट घातली नाही. संबंध अखंड हवा, एवढीच घातली. आरशाबाबत अद्वैत्यांमध्येच दोन मते पडली. विवरण परंपरा म्हणते, आरशातले प्रतिबिंब हे मुखच आहे, चूक फक्त जागेची आहे. दुसरे मत म्हणते, प्रतिबिंब हा आभास आहे, खोटाच आहे. सौत्रांतिक बौद्ध आणखी पुढे गेले : वस्तू स्वतः ज्ञानात कधी येतच नाही, तिचा आकार ज्ञानात उमटतो आणि त्या आकारावरून आपण वस्तू मानतो. एसएलआरवाला स्वतःला नैयायिक समजतो आणि मिररलेसवाल्याला सौत्रांतिकांच्या पंगतीला बसवतो. पण दुधी काचेवर उमटलेला आकार पाहणारा तोही त्याच पंगतीत आहे; त्याच्या पानापर्यंत विजेची तार आलेली नाही, इतकाच फरक. ज्ञानेश्वरांनी चांगदेव पासष्टीत आरशाचा दाखला घेतला तो पाहणारा आणि पाहिले जाणारे हे द्वैत कसे उभे राहते हे सांगण्यासाठी. कॅमेऱ्यातल्या आरशाचे काम निराळे आहे, म्हणून तो दाखला इथे ओढूनताणून लावू नये. तरी त्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते : मुख आरशाच्या आधीही मुखच असते. वस्तूचे असणे पाहण्याच्या साधनावर अवलंबून नसेल, तर एखादे साधन वस्तूला जवळचे आणि दुसरे परके, असा जातिभेद साधनांत करण्याला आधार राहत नाही.

मग साधनांत फरक करायचा कशावरून? इथे प्रामाण्याचा जुना वाद कामी येतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःहून प्रमाण असते. बाधा येईपर्यंत ते खरेच धरायचे. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरे की खोटे हे बाहेरून ठरते. त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की ते खरे. दिसणारे पाणी खरे की मृगजळ, हे तहान भागली की कळते. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीही अविसंवादावर, म्हणजे ज्ञानाने दगा न देण्यावर, भर देतो. एरवी हाडवैर असलेल्या या तिघांचे एका बाबतीत जमते : तिघेही शेवटी बाधा येते का, हे विचारतात. आपल्या काळात तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन यांनी १९८४ साली फोटोविषयी लिहिताना दुसरी बाजू मांडली. चष्मा, आरसा, दुर्बीण यांतून आपण वस्तूच पाहतो, तसेच फोटोतूनही पाहतो, असा त्यांचा दावा. कारण वस्तू वेगळी असती तर फोटोही वेगळा आला असता, मग काढणाऱ्याची समजूत काहीही असो. चित्रकाराला जे आहे असे वाटते ते चित्रात येते. कॅमेऱ्यात जे असते ते येते. फोटोतून ‘पाहतो’ असे म्हणण्याइतका पुढे मी जाणार नाही, पण अवलंबित्वाची ही कसोटी पक्की आहे. तिला बाधेची कसोटी जोडली की निकष पूर्ण होतो.

या निकषावर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर कुठे बसतो? भर दुपारच्या उन्हात पांढरा फेटा बांधलेला वारकरी समोर आहे असे धरा. एसएलआरच्या काचेत फेट्याची प्रत्येक घडी डोळ्याला दिसते, कारण डोळा उजेड-सावलीचा मोठा पल्ला सहज पेलतो. सेन्सरला तो पेलवेलच असे नाही. फोटोत घड्या जाऊन नुसता पांढरा डाग उरू शकतो, आणि ते कळते क्लिक झाल्यावर. मिररलेसमध्ये जो सेन्सर फोटो काढणार तोच दाखवतो आहे. घड्या आधीच पुसट होतात, हवे तर त्या जागी तिरप्या रेघा चमकू लागतात. एक्स्पोजरची चकती दोन खटके मागे फिरवली की घड्या परत येतात. फोकसही त्याच सेन्सरवर होतो, त्यामुळे तीन वाटांच्या भांडणाचा प्रश्नच उरत नाही. दोन्ही साधने वस्तूच्या तंत्रानेच चालतात. पण एकात चूक कृतीनंतर कळते, दुसऱ्यात कृतीआधी. बाधा लवकर येणे हा ज्ञानसाधनाचा गुण आहे.

यावर पहिला आक्षेप उशिराचा. पडद्यावर दिसते ते काही सहस्रांश सेकंद आधीचे असते. खरे आहे, आणि झेपावणारा पक्षी टिपताना ते जाणवतेही. पण उशीर झाला म्हणून पाहणे खोटे ठरवायचे तर सूर्यदर्शन पहिल्यांदा बाद होईल. त्याचा प्रकाश इथे यायला सुमारे ८ मिनिटे लागतात. डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूपर्यंतचा प्रवासही फुकटात होत नाही. उशीर हा कौशल्याचा प्रश्न आहे, सत्याचा नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पडद्यावर दिसते ते संस्कार केलेले असते. रंग, उजळपणा, काळे-पांढरे यांचे हिशेब कॅमेऱ्यातल्या चिपने केलेले असतात, आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, त्याहून बरेच काही शिल्लक असते. फेट्याची घडी पडद्यावर गेलेली दिसली तरी रॉमध्ये ती अनेकदा सापडते. हे मान्यच करायला हवे. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर अचूक नाही. पण संस्कार डोळाही करतो. पिवळ्या बल्बखाली आपल्याला कागद पांढरा दिसतो तो डोळ्या-मेंदूने रंग परस्पर दुरुस्त केल्यामुळे. फरक असा की चिपचे संस्कार मेन्यूत जाऊन बदलता येतात, डोळ्याचे नाहीत. तिसरा आक्षेप परावलंबनाचा. बॅटरी काढली तरी एसएलआरमधून दिसत राहते. मिररलेस आंधळा होतो. प्रमाणित चाचणीत डी८५०ची बॅटरी १८४० फोटोंपर्यंत पुरते, झेड७ची ३३० फोटोंपर्यंत. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यासाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. तरीही साधन किती टिकते आणि ते किती खरे सांगते हे दोन प्रश्न आहेत. चष्मा फुटतो म्हणून त्यातून दिसलेले अक्षर खोटे होत नाही.

सगळ्यांत खोल आक्षेप नैतिक आहे. एसएलआरवाला समोरच्या माणसाकडे पाहतो, मिररलेसवाला होऊ घातलेल्या फोटोकडे. एकाचे लक्ष कर्मावर, दुसऱ्याचे फळावर. कृतीआधीच फळ डोळ्यांपुढे धरणारे यंत्र आसक्ती वाढवणार, असे गीतेचा हवाला देऊन म्हणता येईल. यात तथ्य आहे. पडद्यावरचे देखणे चित्र पाहता पाहता समोरचा वारकरी हा माणूस न राहता रंगाचा ठिपका होऊन बसतो, हा धोका खरा आहे. पण गीतेने फळाची हाव सोडायला सांगितली, परिणामाकडे डोळेझाक करायला नव्हे. अठराव्या अध्यायात परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. परिणाम दिसत नाही म्हणून झालेली अनासक्ती ही अनासक्ती नसतेच. तिथे सोडण्याजोगे काही समोर आलेलेच नसते. फळ दिसत असताना त्याला न भुलणे, हीच परीक्षा. आणि माणूस ठिपका होऊन बसण्याचा दोष आरशाच्या असण्या-नसण्यावर ढकलता येत नाही. एसएलआरच्या काळातही लोकांनी परक्याच्या दुःखाकडे फ्रेम म्हणूनच पाहिले आहे.

या निकषाची मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर तो कशालाही पाठीशी घालील. जे दिसते ते वस्तूच्या तंत्राने चालले पाहिजे, ही अट जिथे तुटते तिथे समर्थन संपते. समोर नसलेला तपशील सॉफ्टवेअरने अंदाजाने भरला, चंद्रावर शिकवून ठेवलेले डाग चढवले, मिटलेले डोळे दुसरीकडून आणून उघडे केले, की ती प्रतिमा यंत्राच्या समजुतीवर उभी राहते. वॉल्टन यांच्या भाषेत, ती चित्रकाराच्या बाजूला जाते. रेघ इथे ओढायची. आरसा आणि पडदा यांच्यामध्ये ओढलेली रेघ चुकीच्या जागी आहे. हा युक्तिवाद नव्या खरेदीचाही नाही. डी८५०मध्येही लाइव्ह व्ह्यू लावला की आरसा वर जाऊन थांबतो आणि मागच्या पडद्यावर सेन्सरचेच दृश्य येते. तेवढ्या वेळापुरता तो एसएलआर स्वतःच मिररलेस असतो. ज्याच्याकडे जुनी बॉडी आहे त्याने ती विकायलाच हवी, असे यातून निघत नाही.

निघते ते एवढेच की साधन बदलल्याने पाहणारा सत्यापासून दूर जात नाही आणि जवळही आपोआप येत नाही. आरशाच्या काळात बिघडलेल्या फोटोची एक पळवाट होती : मला तर नीट दिसले होते, कॅमेऱ्याने घोळ केला. सेन्सरला दिसते तेच डोळ्याला दिसू लागल्यावर ती पळवाट बऱ्याच अंशी बंद होते. चूक क्लिकच्या आधी समोर होती आणि तरीही बोट दाबले गेले, तर ती यंत्राच्या माथी मारता येत नाही. ती पाहणाऱ्याच्या खात्यावर जमा होते.