हरून दाखवणं आणि हरणं



आजच्या वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 38वा श्लोक आला. सुख आणि दुःख, लाभ आणि हानी, जय आणि पराजय सारखेच मान आणि मग युद्धाला उभा राहा, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. हा श्लोक मी लहानपणापासून म्हणत आले आहे. त्याचा एक अर्थ मात्र मला यंदाच्या मे महिन्यात कळला, तोही ल्युडोच्या पटासमोर सतरंजीवर बसून.

सुट्टीत लेक मुलांना घेऊन येते. नात बारा वर्षांची, नातू सात. दुपारी ऊन एवढं की बाहेर सोडायची सोय नाही, आणि घरात मोबाइल द्यायचा नाही असा त्यांच्या आईचा नियम. मग माळ्यावरचा डबा खाली येतो. त्यात सापशिडी, ल्युडो, व्यापार, एक सोंगटी हरवलेलं बुद्धिबळ (तिच्या जागी शर्टाचं बटण) आणि माझ्या सासूबाईंच्या कवड्या. कवड्या वाजल्या की मुलं हातातलं टाकून धावत येतात.

आता कबुली देते. मागच्या वर्षी नातू नुकताच सापशिडी शिकला होता. हरला की पट उधळायचा आणि रडायला लागायचा. एका दुपारी माझी सोंगटी 97 वर होती आणि मला नेमकं तीनचं दान पडलं. म्हणजे सरळ 100, डाव माझा. त्याचा ओठ थरथरायला लागलेला मी पाहिला. 99 वर सापाचं तोंड होतं. मी उभी असलेलं घर धरूनच मोजायला सुरुवात केली, "सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव... अगं बाई, गिळलं की मला!" आणि घसरत खाली आले. तो टाळ्या पिटत नाचला. पुढे सुट्टीभर मी असंच करत राहिले. त्याने एका कागदावर 'सापशिडीचा राजा' असं लिहून तो फ्रिजवर चिकटवला. मला वाटलं, काय बिघडलं? लेकराचा आनंद तो.

नात शेजारी बसून हे सगळं बघत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

यंदा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलं आली आणि आम्ही ल्युडो मांडला. माझी एक सोंगटी घरात शिरायला दोनच घरं बाकी होती. नातीची सोंगटी बरोबर चार घरं मागे, आणि तिला पडलं चार. माझी सोंगटी मरणार होती. तर ही पोरगी तीनच घरं चालली आणि फासा उचलून पटकन भावाच्या हातात दिला. ऑपरेशननंतर आजीला आता स्वच्छ दिसतं, हे ती विसरली होती!

मी म्हटलं, "अगं, चार पडलं होतं ना?"

ती आधी गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "आजी, तूसुद्धा मागच्या वर्षी त्याच्यासाठी असंच करत होतीस ना? तुझं ऑपरेशन झालंय, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

तिने प्रेमानेच केलं होतं, यात शंका नाही. तरी खरं सांगते मंडळी, मला फार लागलं. तिच्या लेखी मी डावात नव्हतेच. मी सांभाळायची वस्तू झाले होते. सोंगटी मेली असती तर मी चार वेळा "अगं दुष्टे!" म्हटलं असतं आणि पुन्हा सहा पडायची वाट बघत बसले असते. पण मी तिच्या बरोबरीची खेळगडी राहिले असते. पटासमोर आजी आणि नात नसतात, हिरवी आणि पिवळी सोंगटी असते. ती बरोबरी तिने मायेने काढून घेतली होती. आणि वर्षभरापूर्वी मी तेच तिच्या भावाशी केलं होतं.

त्या रात्री हा श्लोक पुन्हा वाचला. जय-पराजय सारखे मान, असं सांगताना भगवंत अर्जुनाला 'मुद्दाम हर' असं कुठेही सांगत नाहीत. उलट उभा राहा म्हणतात. म्हणजे पूर्ण जोर लावायचा आणि जे येईल ते समान मनाने घ्यायचं. मी नातवाला यातलं काहीच दिलं नाही. हार त्याच्यापर्यंत पोचूच दिली नाही, मग ती सारखी मानायला तो शिकणार कुठून?

सापशिडीचा मूळ अवतार तर याच शिकवणीचा. आपल्याकडे तिला मोक्षपट म्हणत, आणि तो ज्ञानेश्वर माउलींनी केला असं परंपरा सांगते. आज बघायला मिळणारे बहुतेक जुने पट त्यांच्या खूप नंतरचे आहेत. वैष्णव पटांत 72 घरं आढळतात, जैनांच्या ज्ञानबाजीत 84. घरांवर सद्गुण-दुर्गुणांची, लोकांची नावं असत. सद्गुणाची शिडी वर नेई, दुर्गुणाचा साप खाली आणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. 1943 मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने तो काढला तेव्हा सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. आज आपल्या पटावर उरले आहेत नुसते आकडे.

नातवाने एकदा विचारलं होतं, "आजी, मी काही चुकीचं केलं नाही, मग साप मलाच का?" प्रश्न मोठ्यांचाच आहे. आजारपणात, तोट्यात आपणही हेच विचारतो. दान आपल्या हाती नसतं. आपल्या हाती काय असतं? घरं खरी मोजणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, आणि सापाने गिळलं तर पट न उधळता खालच्या घरातून पुन्हा चालायला लागणं. या खेळात शिकण्यासारखं आहे ते एवढंच, आणि नेमकं तेवढंच मी खोटं मोजून त्याच्याकडून काढून घेतलं.

खेळाचं नाव काढलं की काहींना लगेच द्यूतसभा आठवते, आणि ते बरोबरच आहे. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याची दैना आहे. सभापर्वात धर्मराजाने राज्य, भाऊ, स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावलं. पण फासा तोच असतो. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, आणि त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवल्याची कथा सांगतात. वेरूळच्या 21व्या लेण्यात दोघं सारीपाट खेळत बसलेली दिसतात, खाली नंदी आणि गण. महादेवसुद्धा घरच्या डावात हरतात, आणि कैलास काही कोसळत नाही! द्यूतसभेत विष होतं ते पणाचं आणि कपटाचं. शकुनीने कपटाने जिंकलं, मी कपटाने हरले. हेतू वेगळे होते, माझा तर मायेचाच होता. पण फाशाशी दोघांनीही बेइमानीच केली.

मग लहानांना सवलत द्यायचीच नाही का? जरूर द्यावी. आपल्या खेळांत त्यासाठी केवढा गोड शब्द आहे, लिंबूटिंबू! धाकटं पोर खेळात असतं, पण बाद होत नाही, आणि हे सगळ्यांसमोर ठरलेलं असतं. बुद्धिबळात मोठा माणूस स्वतःचा वजीर आधीच काढून ठेवतो. ती सवलत उघड असते. लहानग्याला कळतं की अजून मी वजिराविरुद्ध खेळत नाही, उद्या खेळेन. अशा जिंकण्यात खोटं काही नसतं. गुपचूप हरण्यात मात्र आपण समोरच्याला नकळत कायमचं लिंबूटिंबू करून ठेवतो.

आणखी एक वाट यंदा सापडली. जावयाने 'पँडेमिक' नावाचा नवा खेळ आणला. 2008 मध्ये निघालेला. त्यात सगळे खेळाडू एका बाजूला आणि जगभर पसरणारे रोग दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. नियम समजून घेताना माझी तारांबळ उडाली. पण नातू मला म्हणाला, "आजी, तू इथे जा, मी तिकडे सांभाळतो." आम्ही हरलो, आणि कुणी रडलं नाही. वयात फार अंतर असलेल्या घरांनी असा एखादा खेळ ठेवावा.

राहिली नातवाची गोष्ट. त्याला सांगावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. लेक म्हणाली, "आई, कशाला? तो विसरलाय." पण तो यंदा आल्या आल्या फ्रिजपाशी जाऊन कागद आहे का ते बघून आला होता. मग सांगितलं. मोजून दाखवलं, सत्त्याण्णवपासून नाही, अठ्ठ्याण्णवपासून मोजायचं असतं.

तो म्हणाला, "म्हणजे मी जिंकलोच नव्हतो?"

"काही डाव खरे जिंकलास. काही मी हरून दाखवले. चुकलं माझं."

तो काही बोलला नाही. जेवतानाही माझ्याकडे बघितलं नाही. झोपायच्या आधी फ्रिजवरचा कागद त्याने स्वतःच काढला. मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभर टिकलेला एका पोराचा आनंद मी स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी तर मोडला नाही ना? याचं उत्तर मला अजून पुरतं सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पट घेऊन आला. "आजी, आज खरं खेळ." मी खरं खेळले. मीच जिंकले. त्याचे डोळे भरले, ओठ थरथरला. पण पट जागेवर राहिला. मग त्याने दोन्ही सोंगट्या उचलून पहिल्या घरात ठेवल्या आणि फासा माझ्या हातात दिला.

आजचा संकल्प एवढाच. ज्याच्यावर माया आहे, त्याच्यासमोर घरं खरी मोजायची. आणि घरात कुणी म्हातारं माणूस पटाशी येऊन बसलं, तर त्याची सोंगटी खुशाल मारा. आम्हाला चालतं.

राम कृष्ण हरी.