आप्तवाक्य आणि तोतया संदेश

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले, पण ते आप्ताच्या शब्दापुरतेच. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे विषय स्वतः जाणणारा आणि जसा जाणला तसाच सांगू इच्छिणारा. बँकेच्या किंवा वीज कंपनीच्या नावाने आलेल्या संदेशाबाबत प्रश्न त्याही आधीचा आहे: बोलणारा तोच कशावरून?

मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान किंवा कारणातला दोष पुढे येईपर्यंत ते खरे धरावे. रोजचे व्यवहार याच विश्वासावर चालतात आणि तोतया नेमका त्याचाच फायदा उठवतो. नैयायिक प्रामाण्य बाहेरून पडताळतात: दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तहान भागली की कळते. येथे ही कसोटी फार महाग पडते. ‘बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर लगेच फोन करा’ या संदेशाची परीक्षा फोन करून घेणाऱ्याला पलीकडचा माणूस एखादे ॲप घ्यायला लावतो, आणि मोबाइलचा पडदा त्याच्या हाती जातो. पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानाशी साम्य, हा नैयायिकांचा दुसरा आधारही पुरत नाही. बोधचिन्ह आणि भाषा यांचीच तर नक्कल होते.

म्हणून पडताळणी संदेशाबाहेरच्या वाटेनेच व्हावी: जुन्या बिलावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.