घरविक्री, दलाल आणि सत्य

कीर्तन आटोपून बुक्का लावण्याची गर्दी ओसरली, की प्रापंचिक मंडळी आपापली कोडी घेऊन आमच्यापाशी बसतात. त्यांतले एक अलीकडे वरचेवर कानी येते. "बुवा, वाडवडिलांचे घर विकावयाचे आहे. काम दलालाकडे सोपविले आहे. तो गिऱ्हाइकाला काय काय सांगतो हे ठाऊक आहे. पण आम्ही स्वतः एक अक्षर खोटे बोललो नाही. मग दोष आम्हांस लागतो काय?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात धर्माचे मर्म आहे, म्हणून त्याचा येथे विचार करू.

दलाली हा धंदा निंद्य, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गिऱ्हाईक शोधावे, दहा वेळा घर दाखवावे, सौदा जुळवावा, हे कष्टाचे काम आहे. शेकडा एक-दोन रुपये जी दलाली ठरेल ती त्याच्या घामाची. गिऱ्हाईक हाती लागताच दलालाला बाजूस सारून परस्पर सौदा उरकणारे मालकही असतात, तीही चोरीच. प्रश्न एवढाच, की बोलण्याचे काम दुसऱ्याला दिले म्हणजे खरे बोलण्याचे ओझेही आपल्या डोक्यावरून उतरते काय?

सांगलीचे उदाहरण घ्या. २०१९ च्या ऑगस्टात, ऐन श्रावणात, कृष्णामाईला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; पाणी चढले ५७ फुटांवर. नदीकाठच्या गल्ल्यांतून ते घराघरांत शिरले. २००५ साली शिरले होते, २०२१ साली पुन्हा शिरले. आता समजा, अशा गल्लीतले एक घर विकावयास निघाले. मालकांनी भिंतींना रंग दिला, पाण्याची रेघ बुजली. परगावचे कोणी सेवानिवृत्त मास्तर जन्माची पुंजी घेऊन घर पाहावयास आले. दलाल म्हणाला, "पाणी? छे हो, इथवर येतच नाही!" मालक शेजारीच उभे. त्यांनी चहाचा कप पुढे केला नि गप्प राहिले.

सज्जनहो, खोटे कोण बोलले?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाचा दोष कोणाकोणाला लागतो ते सांगितले आहे. मारणारा, विकणारा, शिजविणारा, खाणारा, सगळेच त्यात आले. पण त्या यादीत पहिले नाव आहे अनुमती देणाऱ्याचे. ज्याच्या हातात सुरी नाही, तो पहिला! हाच न्याय येथे लावून पाहा. मालकांचे मौन ही अनुमतीच होय.

राजाचा कायदाही निराळे सांगत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे २३८ वे कलम असे, की मुखत्याराने आपल्या कामाच्या ओघात केलेली लबाडी त्या करारापुरती धन्यानेच केली असे धरावे. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम म्हणते, की मिळकतीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण दक्षतेने कळण्याजोगा नाही, तो विकणाऱ्याने आपण होऊन सांगितला पाहिजे. "विचारले नाही, म्हणून सांगितले नाही" ही पळवाट तेथेही पुरती मोकळी नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "बुवा, खरे सांगितले तर भाव पडतो. आईच्या दुखण्याचे कर्ज आहे, मुलीचे लग्न आहे. जग असेच चालते. आम्हीच काय तो सत्याचा मक्ता घेतला?" गरज खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. पण धर्मराजालाही गरज होतीच की! द्रोणाचार्य आवरेनात, सैन्य कापले जात होते. अश्वत्थामा पडला असे तो मोठ्याने बोलला, हत्तीचा उल्लेख तेवढा पुटपुटला. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. तो त्या क्षणी भुईला टेकला. द्रोणांनी विचारले होते धर्मराजालाच, कारण विश्वास त्याच्यावर होता. मास्तरांचा विश्वासही असाच असतो. आणि भावाचे म्हणाल, तर कोरड्या घराचे पैसे घेऊन ओले घर द्यावयाचे, तर वरचे पैसे आपले नव्हेतच. ते त्या मास्तरांचे. दुसऱ्याच्या पैशांनी आपले कर्ज फेडले म्हणजे कर्ज फिटले काय? फक्त सावकार बदलला.

तेव्हा करावे काय? दलालाच्या हाती किल्ली देतानाच त्याला स्पष्ट सांगावे: "पाणी कुठवर आले होते, बहिणीची सही व्हावयाची आहे, घरपट्टी थकली आहे, हे सगळे गिऱ्हाइकाला आधी सांगा, मग भाव बोला." तो कां-कूं करू लागला तर दुसरा दलाल पाहावा. तरीही आपल्यासमोर तो खोटे बोललाच, तर तिथल्या तिथे "नाही हो, २०१९ साली पाणी आले होते" एवढे म्हणावे. पाच-सहा शब्दांचे काम आहे. गिऱ्हाईक जाईल कदाचित. पण जे येईल ते जाणून येईल, आणि पुढच्या श्रावणात पाणी चढू लागले तरी आपल्या नावाने बोटे मोडणार नाही.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखतावर विकणारा म्हणून सही होते ती मालकाची. दलालाला तेथे कोणी विचारीत नाही. खरे-खोटे वेचावयाचे ते ही सही करण्याआधीच.