राखणीचे काम

दर पावसाळ्यात आपण रोपे लावतो. आशीर्वाद होतो, फोटो निघतो, चहा होतो. पुढच्या मे महिन्यात त्या रोपांना पाणी कोण घालते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. लावणे एका दिवसाचे, राखणे वर्षानुवर्षांचे. आणि ज्याचे फळ आपल्याला दिसेलच असे नाही, ते काम आपण का करावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्याकडे पाहू या. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी तिथे रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री-कोल्हे खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन राखण सुरू केली. कासवमित्र पहाटे किनारा चालतात, वाळूवरचा माग काढून घरटे शोधतात, अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात, ती समुद्राकडे सोडली की काम संपले. म्हणजे त्या पिल्लांपुरते संपले.

त्यातली बहुतेक जगत नाहीत. जी मादी जगते, तिला अंडी घालण्याजोगी व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. ती परत आलीच तर रात्री येणार, आणि हीच आपण सोडलेली, हे पाहून कोणाला ओळखता येणार नाही. मोशेला वचनदत्त देश निदान दुरून तरी दिसला होता.

कोणी म्हणेल, आता तिथे कासव महोत्सव भरतो, पर्यटक घरोघरी उतरतात, गावाला चार पैसे मिळतात; मग ही सेवा कसली? हा आक्षेप आम्हाला पटत नाही. पगार घेणाऱ्या परिचारिकेची रात्रपाळी आपण सेवाच मानतो ना? शिवाय पाहुणे येतात ते पिल्ले बघायला. ज्या पहाटे एकही माग सापडत नाही, त्या पहाटेही किनाऱ्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जावेच लागते, आणि तेव्हा बघायला कोणी नसते. आम्हाला वाटते, राखणदाराचा हिशेब तिथेच होतो. पीक किती आले ते त्याच्या हातात नाही. तो जागेवर होता की नाही, एवढेच त्याच्या हातात.

आपल्या आवारात गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली, ते या रविवारी मिस्सानंतर मोजू या. पाण्याची पाळी लावायची आहे. बादल्या आहेत, नावे हवी आहेत.