आश्रय आणि अधिकार

१९ जून १९३७ रोजी बिल्बाओ शहर फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले. ही वार्ता इंग्लंडमध्ये साउदम्प्टनजवळच्या नॉर्थ स्टोनहॅम येथील छावणीत ध्वनिक्षेपकावरून मुलांना ऐकविण्यात आली. महिन्यापूर्वीच ती मुले त्या शहरातून आली होती आणि त्यांचे आईबाप मागे राहिले होते. छावणीत एकच आकांत उसळला. शेकडो मुले त्या रात्री तंबू सोडून अंधारात पळत सुटली.

सत्य लपविणे हा अपराध, असे आपण सहज म्हणतो. व्यवस्थापकांनी ते लपविले नाही, एवढे त्यांच्या बाजूने म्हणावे लागेल. परंतु पोरके झालो की काय, हे ज्याला ठाऊक नाही अशा मुलाला जवळ घेऊन सांगणे आणि हजारोंच्या समुदायावर कर्ण्यातून तीच गोष्ट फेकणे, ही सत्यकथनाची दोन रूपे नव्हेत; त्या दोन निरनिराळ्या कृती आहेत.

गेर्निकावरील बॉम्बवर्षावानंतर, मे १९३७ मध्ये, ‘हबाना’ या जहाजातून सुमारे चार हजार बास्क मुले इंग्लंडला आली. ब्रिटिश सरकारने तटस्थतेचे कारण देऊन त्यांच्यावर एक पैही खर्च करण्याचे नाकारले. डचेस ऑफ अ‍ॅथल यांच्या अध्यक्षतेखालील समितीला दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी द्यावी लागली. सारा भार लोकांच्या वर्गणीवर पडला, आणि वर्गणीबरोबर मतेही आली. कोणी ही मुले धर्मनिष्ठ बास्क घराण्यांची म्हणून त्यांच्यावर चर्चचा हक्क सांगे, तर कोणी ती लोकसत्तेच्या सैनिकांची म्हणून आपली मानी. वस्तुतः त्यांत दोन्ही प्रकारची मुले होती; जहाजावर चढवितानाही पालकांचा पक्ष पाहिला गेला होता. पुढे बाराशेच्या आसपास मुले कॅथलिक संस्थांकडे गेली. उरलेली मुक्तिफौज, कामगार संघटना, क्वेकर मंडळी आणि गावोगावच्या समित्या यांनी सांभाळली. या वाटणीला मी सरसकट दोष देणार नाही. तंबूत हिवाळा निघाला नसता, आणि जो छप्पर देतो त्याच्या घरची प्रार्थना अतिथीच्या कानी पडणारच. घास देणे म्हणजे मूल आपले होणे, असे जेव्हा दात्याला वाटू लागते, तेव्हा मात्र मर्यादा ओलांडली जाते.

तंट्याचे खरे मर्म परतीच्या प्रश्नात होते. बिल्बाओ पडताच तेथील युद्ध संपले, मग मुलांना का अडकवून ठेवता, असा सवाल फ्रँकोच्या पाठीराख्यांनी केला. पोपचे प्रतिनिधी अंतोनियुत्ती यांच्याकडून परतीची मागणी करणाऱ्या पालकांच्या नावांच्या याद्या आल्या. समितीने त्या तशाच स्वीकारल्या नाहीत. प्रत्येक मागणी खरोखर आईबापांचीच आहे काय, हे तपासण्याचा आग्रह धरला. ज्या नगरात विरोधक तुरुंगात पडत होते, तेथून आलेल्या पत्रातील इच्छा कोणाची म्हणावी? आणि उलट पाहिले, तर जिने खरोखरच लेकराला बोलाविले, त्या माउलीच्या सहीवर परक्या देशातील अनोळखी माणसांनी शंका घ्यावी, हा तिचा केवढा अपमान! तिने ज्या दिवशी मूल जहाजावर पाठविले, त्या दिवशीची तिची संमती तरी कितपत स्वतंत्र होती? डोक्यावर विमाने घोंघावत असताना कोण स्वतंत्र असते?

तरीही मला समितीचा हट्ट योग्य वाटतो. यादीत मूल ही एक संख्या असते, तपासणीत त्याला निदान नाव, घर आणि एक अमुक आई असते. तपासणीने विलंब होतो हे खरे. परंतु चूक लक्षात आली तर ती सुधारण्यास तेथे वाव राहतो. १९३७ च्या अखेरीपासून मुले तुकड्यातुकड्यांनी परतू लागली. सुमारे चारशे मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरही इंग्लंडमध्येच राहिली. त्यांतील कित्येकांचे आईबाप मृत, परागंदा किंवा बंदिवासात होते.

त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी सुमारे तीन हजार स्पॅनिश मुले सोव्हिएत रशियातही गेली. तेथे वादच झाला नाही. एकाच सत्तेच्या हाती सारा निर्णय होता. त्यांतील बहुतेकांना १९५६ पर्यंत मायदेशी परतता आले नाही, आणि जहाजातून उतरली तेव्हा ती मुले राहिलेली नव्हती.