मध्ये कोणी जायचं?

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीच्या नावानं उतरतो आणि शाहू स्टेडियमवर बसलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षकापेक्षा जास्त कळतं. अशाच एका घरातले हे दोघं. काका एके काळी पेठेच्या संघात बचावाला खेळलेले, पुतण्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा प्रशिक्षक. सराव संपला होता, कोन गोळा करायचे राहिले होते. विषय होता रोंडो. दहा-बारा पावलांचा चौकोन, चार पोरं कडेला, दोन मध्ये. कडेच्यांनी दोन टचमध्ये बॉल फिरवायचा, मधल्यांनी काढून घ्यायचा. ज्याच्याकडून बॉल जाईल तो मध्ये.

काका : त्या बारक्याला आज सारखा मध्ये पाठवत होतास. त्याची चूक होती काय रे?

पुतण्या : बॉल त्याच्या पायातनं गेला, काका. नियम सगळ्यांना एकच.

काका : गेला त्याच्या पायातनं, पण आला कसा ते बघितलंस? गुडघ्याएवढा उसळत, दोघं अंगावर आल्यावर. देणारा सुटला, हा अडकला.

पुतण्या : बघितलं की. पण प्रत्येक वेळी शिट्टी मारून निवाडा करत बसलो, तर पोरं बॉल सोडून माझ्या तोंडाकडं बघतील. रोंडोचा सगळा फायदाच त्यात आहे. जागा कमी, बॉल सारखा पायाशी, डोकं सारखं चालू. मोठ्या मैदानावर याच बारक्याला अर्ध्या तासात किती वेळा बॉल मिळतो?

काका : मिळतो कमी, पण तिथं त्याला शिक्षा नसते. इथं तो काय शिकला सांगू? आला बॉल की मार दुसऱ्याच्या गळ्यात. आपल्या पायातनं गेला नाही म्हणजे झालं.

पुतण्या : क्रायफ 1988 मध्ये बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा त्यानं हाच रोंडो रोजच्या सरावात पक्का बसवला. त्यातनं काय निघालं ते जगानं बघितलं. 2010 चा विश्वचषक स्पेननं सात सामन्यांत फक्त आठ गोल करून जिंकला. बॉल आपल्याकडं असला की समोरच्याला गोल करता येत नाही.

काका : आणि 2022 ला? मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास, गोल शून्य. पेनल्टीतही एक आत गेली नाही. समोरच्याला येत नाही म्हणतोस, ह्यांनाच आला नाही की!

(दोघांनीही आपापल्या सोयीचा विश्वचषक निवडला, हे सांगायला नको. पास मोजून कुठलाच वाद मिटत नाही.)

पुतण्या : मग तुम्हीच सांगा. नियम बदलू? बॉल गेला की देणारा आणि घेणारा, दोघंही मध्ये?

काका : आणि बारक्याला पास कोण देईल मग? त्याला दिला तर आपणही अडकणार, हे पोरांच्या दोन मिनिटांत ध्यानात येतंय. चौघांचा खेळ तिघांत चालू होईल.

पुतण्या : हे मात्र खरं.

काका : इकडं उभा राहा. हा बघ, तुझ्या जवळच्या पायाला दिला. काय झालं?

पुतण्या : पाठ वळली. मागचा दिसत नाही.

काका : आता लांबच्या पायाला, जमिनीलगत. आता?

पुतण्या : अंग उघडंच राहिलं. दोन्ही बाजू दिसतात.

काका : पोरगा तोच, बॉल तोच. त्याच्यावर संकट आलं का त्याची सोय झाली, हे देणाऱ्यानं ठरवलं.

पुतण्या : बरं, आता माझा प्रश्न. एक पोरगा दोघांच्या मधनं पास घालायला गेला आणि हुकला. जमला असता तर अख्खा बचाव फुटला असता. त्यालाही मध्ये पाठवायचं?

काका : पाठवायचं.

पुतण्या : वा! म्हणजे बारक्याला न्याय आणि ह्याला शिक्षा?

काका : अरे, ह्यानं जोखीम स्वतः घेतली, किंमत त्यानं मोजावी. बारक्यानं घेतली नव्हती, त्याच्यावर लादली.

पुतण्या : पण असं केलं तर उद्या तो पास कोणी करणार नाही. चौकोनाच्या कडेकडेनं बॉल फिरत राहील, तुमच्या मोरोक्कोच्या सामन्यासारखा.

काका : मग जमल्यावर बक्षीस दे. मधनं पास गेला की मधल्यांना आणखी एक फेरी. हुकला की मध्ये, जमला की मान. मोठ्या मैदानावरही असंच असतंय.

पुतण्या : पोरं तेरा वर्षांची आहेत, काका. एकदा हुकलं की महिनाभर परत जात नाहीत. मी घड्याळ लावतो. प्रत्येक जोडी एक मिनिट मध्ये, चूक कोणाची का असेना. मधल्यांनी किती बॉल काढले, तेवढं मोजायचं.

काका : मग हुकलेल्याला झळ कशाची?

पुतण्या : झळ नकोच.

काका : झळ लागल्याशिवाय पाय सुधारत नाही.

इथं दोघंही थांबले, कारण दोघांनाही स्वतःचं पटलेलं होतं. काकांचा भेद मला खरा वाटतो. घेतलेली जोखीम आणि लादलेली जोखीम यांना एकच शिक्षा देणारा नियम पोरांना अंग काढून घ्यायला शिकवतो. पण त्या भेदाची अंमलबजावणी बारा-तेरा वर्षांच्या पोरांवर पुतण्याच्या घड्याळानंच करावी. हुकलेला पास सोडून द्यावा, गेलेला बॉलही सोडून द्यावा. प्रशिक्षकानं शिट्टी मारावी ती फक्त स्वतः सुटण्यासाठी दिलेल्या पासवर, मग तो पास समोरच्यानं सावरून घेतला असला तरीही.