त्याच टेबलावर दुसऱ्यांदा

पॅरिसमधल्या 'बुयाँ शार्तिए' या १८९६ सालच्या खानावळीत भिंतीलगत छोट्या लाकडी खणांची मांडणी आहे. प्रत्येक खणावर आकडा. रोज जेवायला येणारी माणसं आपला कापडी नॅपकिन त्या खणात ठेवून जात आणि पुढच्या वेळी तोच काढून मांडीवर पसरत. सेन नदीच्या डाव्या तीरावरच्या, १८४५ पासून चालत आलेल्या 'पोलिदोर'मध्येही असेच खण आहेत. आता ते शोभेपुरते उरलेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि मेन्यूकडे वळतात. मला मात्र हे खण फार बोलके वाटतात. परक्या शहरात जाणारा माणूस 'कायम लक्षात राहील' असं हॉटेल शोधत असतो. खण करून घेणाऱ्यांचा हिशेब उलटा होता. तिथे गिऱ्हाईक हॉटेलाच्या लक्षात राहायचं.

गंमत अशी की पॅरिसमध्ये जन्मलेली रेस्टॉरंट नावाची गोष्ट परक्या माणसाच्याच सोयीची. अठराव्या शतकात प्रवाशाला सराईत जेवावं लागे. ठरलेली वेळ, एकच मोठं टेबल, समोर येईल ते अन्न. नेहमीची मंडळी मोक्याच्या जागा धरून चांगले तुकडे आधीच उचलत, आणि परगावच्याच्या वाट्याला उरलंसुरलं येई. १७६०च्या दशकात जी नवी दुकानं निघाली, ती सुरुवातीला नाजूक प्रकृतीच्या लोकांना मांसाचा कढ विकत. पण त्यांनी आणखी एक गोष्ट विकायला काढली: स्वतंत्र टेबल, हव्या त्या वेळी, छापील यादीतून आपल्या आवडीचं, आधी ठाऊक असलेल्या किमतीला. तुम्ही कोण, कुठले, याची चौकशी नाही. पैसे असले की पुरे. आज आपल्याला हे इतकं साधं वाटतं की त्यातलं नवेपण कळतच नाही.

परका माणूस दारात आला की त्याला वाट दाखवणाराही येतोच. ग्रिमो द ला रेनिएर या विक्षिप्त गृहस्थाने १८०३ पासून 'खवय्यांचं पंचांग' काढायला सुरुवात केली. १८१२ पर्यंत त्याचे आठ भाग निघाले. त्याने परीक्षकांचं एक मंडळ जमवलं होतं, आणि दुकानदार आपले पदार्थ त्या मंडळाकडे चाखायला पाठवत, अर्थात फुकट. मग या निवाड्यांवर संशयही घेतला गेला. म्हणजे फुकट जेवून शिफारस करणाऱ्यांचा इतिहास इन्स्टाग्रामपेक्षा दोनशे वर्षांनी जुना आहे! पुढे १९०० साली मिशलॅं या टायर बनवणाऱ्या कंपनीने गाडीवाल्यांना फुकट वाटायला पुस्तिका छापली. माणसं हिंडली तर टायर झिजणार, हे उघड होतं. १९२६ मध्ये तारे आले आणि काही वर्षांतच त्यांच्या एक-दोन-तीन अशा पायऱ्या झाल्या. तीन ताऱ्यांचा अर्थ, केवळ या जेवणासाठी प्रवास करून यावं. ही मोजपट्टी दुरून एकदाच येणाऱ्यासाठी आखलेली आहे. कोपऱ्यावरच्या खानावळीत मंगळवारी जेवणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

आठवणीची तजवीजही हॉटेलंच करू लागली. पॅरिसच्या 'तूर दार्जां' या हॉटेलात बदकाची खास डिश मागवली की त्या बदकाचा क्रमांक लिहिलेलं कार्ड मिळतं. १८९० पासून ही मोजणी चालू आहे आणि तिने दहा लाखांचा आकडा कधीच ओलांडलाय. कल्पना झकास आहे. पण खणावरचा आकडा माणसाचा होता आणि हा बदकाचा आहे, एवढा फरक मला विसरता येत नाही.

मोबाइलवरच्या शेरे-ताऱ्यांचं काय? २०१७ मध्ये लंडनच्या डलिच भागात ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडची रेस्टॉरंट म्हणून नोंद केली, खोटे शेरे लिहून घेतले, आणि ती शेड ट्रिपअॅडव्हायझरच्या लंडनच्या यादीत पहिली आली. एकही ताट वाढलेलं नव्हतं. मग त्याने एका रात्रीपुरतं ते खरंच उघडलं आणि दुकानातलं तयार जेवण गरम करून वाढलं. या फसवणुकीवर लोक भरपूर हसले. माझी तक्रार मात्र खऱ्या शेऱ्यांबद्दल आहे. ते लिहिणारे बहुतेक सगळे त्या जागी एकदाच गेलेले असतात. एकेकदा गेलेल्या हजार माणसांची बेरीज केली म्हणून नेहमी जाणाऱ्या एकाचं ज्ञान हाती येत नाही. गुरुवारी आचारी दुसरा असतो, खिडकीजवळच्या टेबलाला वारा लागतो, माशापेक्षा रस्सा बरा असतो, हे त्या बेरजेत कुठेच नसतं.

मग पॅरिसमध्ये राहणारा माणूस हॉटेल कसं निवडतो? बहुधा निवडतच नाही. ते वाटेवर असतं. दुपारी बारा ते दोन ही जेवायची वेळ. दाराशी पाटीवर खडूने त्या दिवसाचे चार पदार्थ लिहिलेले, दोन किंवा तीन पदार्थांचं ठरलेल्या किमतीचं जेवण, पाव न मागता, नळाच्या पाण्याची सुरई मागितली की फुकट. रात्री ज्या स्वयंपाकघराचे भरमसाट पैसे मोजावे लागतात, तेच दुपारी बऱ्याचदा निम्म्यात जेवू घालतं. पाहुण्याने आपलं पोट शहराच्या घड्याळाला लावून घेतलं की निम्मा शोध तिथेच संपतो. चार वाजता भूक लागणाऱ्याच्या नशिबी स्मारकांसमोरची सहा भाषांतली रंगीत मेन्यूकार्डं असतात.

यादीपेक्षा शहराचा नकाशा जास्त कामाचा, हे माझं मत रेल्वे स्टेशनांमुळे पक्कं झालं. मोंपार्नास स्टेशनावर ब्रिटनीहून गाड्या येतात. तिथून पोटासाठी आलेले ब्रेतों लोक स्टेशनाच्या आसपासच वसले, आणि म्हणून आजही रू द्यु मोंपार्नासवर एकाला लागून एक अशी घावनांची दुकानं आहेत. कुट्टूच्या पिठाचं काळसर, कडेला कुरकुरीत घावन, आत अंडं नाहीतर चीज, सोबत सफरचंदाची सायडर. १८७१ मध्ये आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला तेव्हा तिथली बरीच माणसं पॅरिसला आली आणि त्यांनी बिअर नि आंबवलेल्या कोबीच्या ब्रासरी काढल्या. गार द लेस्त, म्हणजे पूर्वेकडचं स्टेशन, त्याच्या परिसरात हा वारसा अजून दिसतो. ओव्हेर्नच्या डोंगराळ भागातून आलेले लोक आधी घरोघरी पाणी पोचवत, मग लाकूड-कोळसा विकू लागले, आणि कोळशाच्या दुकानात एका बाजूला दारूचा गुत्ता मांडता मांडता त्यांनी शहरातले असंख्य कॅफे हाती घेतले. साहित्यिकांमुळे गाजलेली 'लिप' ही ब्रासरी १८८० मध्ये एका आल्सासवाल्याने काढली आणि १९२० मध्ये ती त्याच डोंगराळ पट्ट्यातल्या आव्हेरोंच्या मार्सेलॅं काझने विकत घेतली. 'खास पॅरिसचं' म्हणून आपण जे शोधत जातो, त्यातलं बरंचसं असं गाव सोडून आलेल्यांनी गाववाल्यांसाठी रांधलेलं आहे.

मुंबईच्या गिरणगावाची ओळख असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायकांनी महिन्याच्या बोलीवर जेवू घातलं. तिथे चांगली खानावळ कुठली हा प्रश्न कोणी परक्याला विचारत नव्हतं. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाचा सोमवार आहे, हे बाईंना पाठ असे.

पाहुण्याला चार दिवसांत तिथला गाववाला होता येणार नाही, हे उघड आहे. पण त्याला एक गोष्ट करता येते आणि ती जवळपास कोणी करत नाही: त्याच हॉटेलात दुसऱ्यांदा जाणं. पहिल्या खेपेला आपण परीक्षक असतो. पाटी वाचता येत नाही, शेजारच्या ताटात काय आहे ते चोरून बघतो, दर घासाला पैसे वसूल होतायत का याचा हिशेब चालतो. दुसऱ्या खेपेला पाटीवरचे दोन शब्द ओळखीचे असतात. आत शिरताना 'बोंजूर' म्हणायचं असतं, ते न म्हणणं तिथे उद्धटपणाचं मानतात, हेही तोवर कळलेलं असतं. काल काळ्या कपड्यांतला तुसडा वाटलेला वेटर भुवई जरा वर करतो. पॅरिसमध्ये वेटरकी हा पोटापाण्याचा पक्का धंदा आहे, सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, त्यामुळे लाडीगोडी लावण्याचं त्याला काही कारण नाही. म्हणून त्या भुवईला किंमत आहे. तो कालचंच टेबल दाखवतो, आणि क्षणभर का होईना, आपल्या नावाचा एक खण तिथे उघडतो.

शाकाहारी माणसाला तर याचा रोकडा फायदा आहे. आपल्याकडच्या टूर कंपन्या संध्याकाळी सगळ्यांना भारतीय हॉटेलात नेऊन डाळ-भात वाढतात, आणि ज्येष्ठांसोबत गेलेल्याला त्याचं मोल कळतं. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण एकट्या-दुकट्याला वाट आहे. पॅरिसच्या 'आर्पेज' या हॉटेलाचा शेफ आलँ पासार याने तीन तारे असतानाच २००१ मध्ये आपल्या मेन्यूतून तांबडं मांस काढलं आणि भाज्यांना मानाचं पान दिलं, तेव्हा फ्रेंच स्वयंपाकाला भाजीचं वावडं आहे असं म्हणायचं कारण नाही. फक्त ते जेवण खिशाला झेपत नाही. साध्या हॉटेलात पहिल्या दिवशी 'मांस नको, मासे नको' म्हटलं की ऑम्लेट येतं. अंडं खात असाल तर ते निमूट खावं, चांगलं होतं म्हणून सांगावं आणि परवा पुन्हा येतोय असं कळवावं. स्वयंपाकघराला दोन दिवस मिळाले की ते काय करतं ते पाहण्यासारखं असतं.

आक्षेप येणारच: आधीच चार दिवस, त्यात एकाच जागी दोनदा? एवढा खर्च करून गेलो ते नवं बघायला ना! बघावं की. लूव्र बघा, पूल बघा. तिथे कोणी तुमची वाट पाहत नसतं, एकदा गेलं तरी चालतं. तीन जेवणं हवी तिथे जेवा, यादीतलं सगळ्यात वरचंही घ्या. मी दोनच दुपारी मागतोय. पॅरिसमधली बरीच छोटी हॉटेलं रविवार-सोमवार बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये तर मालक दाराला चिठ्ठी लावून कित्येक आठवडे गावी निघून जातात. तेव्हा पहिल्या दिवशी जिथे बरं वाटलं, तिथून बिल देऊन उठताना एवढं विचारून घ्यावं, की परवा दुपारी उघडं आहे ना.